स्तनाच्या कर्करोगातील दाहकारक संदेशरेणू

जखम झाली किंवा जंतू शिरले की पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. हे निरोप नेणारी छोटी प्रथिने म्हणजे सायटोकाइन. त्यांपैकी दाह (इजेला किंवा जंतूंना शरीर देते ती सूज-लालीची प्रतिक्रिया) पेटवणारी इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-८ आणि टीएनएफ-अल्फा ही स्तनाच्या गाठीतही आढळतात. रोग पुढे कसा वागेल, याचा अंदाज त्यांच्या प्रमाणावरून बांधता येईल का, हा या क्षेत्रातला मुख्य प्रश्न आहे.

गाठीत श्वेतपेशी जमतात, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. अमेरिकेतील हॅरल्ड द्वोराक यांनी १९८६ मध्ये कर्करोगाच्या गाठीला न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली. ती आजही चपखल वाटते. जखम भरली की दाह शमतो, गाठीत मात्र तो धुमसत राहतो. इंटरल्यूकिन-६ पेशीतील स्टॅट-३ हे प्रथिन जागे करते. त्यामुळे पेशी मरण टाळते आणि आणखी इंटरल्यूकिन-६ तयार करते.

स्तन हा बराचसा चरबीचा अवयव असल्याने इथे एक जादा वाट आहे. लठ्ठपणात मरू लागलेल्या चरबीच्या पेशींभोवती भक्षकपेशींचे कडे बसते. त्यांच्या स्रावांमुळे अ‍ॅरोमाटेज हे विकर (एन्झाइम) वाढते आणि चरबीतच इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनू लागते. पाळी गेल्यावर अंडाशय थांबतात, हा कारखाना थांबत नाही. इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या गाठींना तेवढे पुरते.

इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून यकृत सीआरपी हे दाहात वाढणारे प्रथिन बनवते. अमेरिकेत उपचार झालेल्या ७३४ स्त्रियांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, निदानानंतर साधारण अडीच वर्षांनी ज्यांचे सीआरपी चढे होते त्यांचे आयुर्मान कमी आढळले. रक्तातील न्यूट्रोफिल आणि लिंफोसाइट या दोन प्रकारच्या श्वेतपेशींचे गुणोत्तर जास्त असणेही प्रतिकूल मानतात. मात्र दाह सरसकट वैरी नव्हे. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर व पीआर हे संप्रेरक-ग्राहक आणि हर-२ हे प्रथिन या तिन्ही तपासण्यांत नकारार्थी) गाठीत लिंफोसाइट दाटीने शिरले असतील, तर रोग्याचे भवितव्य उलट बरे असते.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सीआरपी सोलापुरातल्या कुठल्याही लॅबमध्ये होते, म्हणून हे आकडे रिपोर्टवर सहज दिसतात आणि घरचे लोक घाबरतात. पण क्षय, सांधेदुखी, हिरड्यांचा आजार, साधा ताप यांतही सीआरपी वाढते; दाह कुठला, हे तो आकडा सांगत नाही. त्यामुळे उपचार ठरतो तो गाठीचा आकार, काखेतल्या लसग्रंथी, ग्रेड (पेशी किती विकृत दिसतात) आणि ईआर, पीआर, हर-२ या तपासण्यांवर. जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे आणि १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथल्या खेड्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शहरांपेक्षा कमी नोंदले गेले आहे. ‘दुखत नाही तर दाखवायचं कशाला’ म्हणून गेलेले महिने मात्र कुठल्याही सायटोकाइनपेक्षा महाग पडतात, कारण सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही.

याच्या उलट, स्तन लाल, गरम आणि संत्र्याच्या सालीसारखा होणारा एक जहाल प्रकार आहे, दाहक स्तन-कर्करोग (इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर). तो पुष्कळदा गळू समजून प्रतिजैविकांवर काढला जातो. तिथली लाली मुख्यतः कर्कपेशींनी त्वचेच्या लसवाहिन्या तुंबवल्यामुळे येते.

दाह दाबला तर रोग हटेल का? अमेरिका आणि कॅनडात ३,०२० रुग्णांना रोज ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा खोटी गोळी देऊन पाहिले. फायदा दिसेना म्हणून चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. हळदीच्या गोळ्यांचा बोलबाला आपल्याकडे मोठा आहे, पण त्यांनी या रोगात आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. शिवाय हळदीतील कर्क्युमिन तोंडावाटे घेतल्यास रक्तात फारच थोडे उतरते.