गढूळ दिसली की पेट-नॅट नव्हे

फेसाळ वाइनच्या बाटलीच्या तळाशी साका दिसला की ‘अरे वा, पेट-नॅट!’ म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. ती बाटली कोल फोन्दोचीही असू शकते. दोन्ही पांढरं दिसतं म्हणून ताक आणि नारळाचं दूध एकच मानण्यातला हा प्रकार आहे.

आधी पेट-नॅट म्हणजे काय ते. रस अजून आंबतो आहे, साखर संपलेली नाही, तेवढ्यात बाटलीत भरून झाकण ठोकायचं. उकळी फुटलेल्या माडीला बूच मारावं तसं. पुढे जाऊ.

कोल फोन्दो म्हणजे शब्दशः ‘तळासकट’. ईशान्य इटलीतल्या प्रोसेक्को या फेसाळ वाइनची ही जुनी घरगुती तऱ्हा, ग्लेरा द्राक्षाची. नाव वाल्दोब्बियादेनेच्या टेकड्यांनी कमावलं. पण प्रोसेक्को डीओसीचा, म्हणजे हे नाव लावायला कायद्याने आखून दिलेला, इलाखा खाली व्हेनिसच्या किनाऱ्याला आणि पूर्वेला त्रिएस्तेपर्यंत भिडतो. खुद्द प्रोसेक्को नावाचं गाव त्रिएस्तेजवळ, एड्रियाटिक समुद्राच्या डोक्यावर वसलंय. (किनाऱ्याजवळची द्राक्षं म्हणून वाइनमध्ये समुद्राचं मीठ उतरतं, असं कुणी सांगितलं तर मी विषय बदलतो.)

खरी मेख इथे आहे. कोल फोन्दोत आधी वाइन पूर्ण होते: आंबून कोरडी (म्हणजे साखर संपलेली), थंड, निपचित. मग बाटलीत भरताना तिच्यात मोजून साखर किंवा राखून ठेवलेला गोड रस आणि यीस्ट घालतात. म्हणजे हे दुसरं आंबणं. पेट-नॅटमध्ये पहिलंच आंबणं बाटलीत पुरं होतं. या ‘मोजून’मुळे सगळं बदलतं. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की १ बार दाब तयार होतो. १० ग्रॅम घातली तर सुमारे २.५ बार, आणि फ्रिझान्ते, म्हणजे हलकी फेसाळ, म्हणवून घेण्याची तीच वरची मर्यादा. शॅम्पेनला २४ ग्रॅमच्या आसपास लागते. त्यामुळे फेस किती येणार हे बाटली भरण्याआधीच ठरलेलं असतं आणि घातलेली साखर यीस्ट फस्त करत असल्याने वाइन कोरडीच राहते. पेट-नॅटवाल्याला मात्र नेमका क्षण पकडावा लागतो. घाई झाली तर टेबलावर कारंजं, उशीर झाला तर फुसकी.

घोळाला इतिहास आहे, हे मान्य. पूर्वी हिवाळ्याच्या थंडीत आंबणं अर्धवट थांबायचं आणि वसंतात बाटलीत भरलेली वाइन ऊब लागताच पुन्हा जागी व्हायची. ती तऱ्हा पेट-नॅटची चुलतबहीण होती. आजची बहुतेक कोल फोन्दो तशी नसते.

नेहमीचा प्रोसेक्को बंद टाकीत फेसाळतो आणि गाळून येतो; शॅम्पेनमधून साका काढून टाकतात. बास.

लेबलवर ‘रिफेर्मेंतातो इन बोत्तिल्या’ शोधा, म्हणजे ‘बाटलीत पुन्हा आंबवलेली’. त्यातलं ‘पुन्हा’ वाचलंत तरी पुरे. ‘सुई लिएविती’, म्हणजे ‘यीस्टवर’, असंही छापलेलं सापडेल.

एका जेवणात यजमानांनी ही वाइन चहाच्या गाळणीतून ओतली होती. मी काही बोललो नाही, पण बोंबील घशाखाली उतरेना. बाटली आदल्या दिवशी फ्रिजमध्ये उभी ठेवा. पहिले दोन ग्लास हलक्या हाताने, नितळ ओता; लिंबाच्या सालीसारखा वास येईल. मग उरलेली बाटली एकदा हळूच फिरवा आणि साक्यासकट ओता. आता पावाच्या कणकेचा वास. तळलेल्या मासळीबरोबर मला हा गढूळ ग्लासच लागतो, नितळ ग्लास खुशाल पाहुण्यांना द्या.