गुणवत्ता-समायोजित जीवनवर्ष

आरोग्य अर्थशास्त्रातील एक परिमाण. एखाद्या उपचाराने आयुष्य किती वाढले आणि त्या काळातले जगणे किती सुसह्य झाले, या दोन्ही गोष्टी त्यात एकाच आकड्यात मांडल्या जातात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘क्वाली’ म्हणतात. संपूर्ण आरोग्यातील एका वर्षाला १ आणि मृत्यूला ० हे मूल्य असते; मधल्या आरोग्यस्थितींना अपूर्णांक मिळतात. ०·६ मूल्याच्या स्थितीत काढलेली १० वर्षे म्हणजे ६ क्वाली. उपचाराने तेच मूल्य ०·८ झाले, तर लाभ २ क्वालींचा. उपचाराच्या वाढीव खर्चाला या लाभाने भागले की एका क्वालीची किंमत निघते आणि अगदी वेगवेगळ्या आजारांवरचे उपचार एका मापाने ताडून पाहता येतात. सार्वजनिक निधी कोणत्या उपचारांवर खर्च करावा, हे ठरवण्यासाठी अनेक देशांत हे परिमाण वापरले जाते. त्यावरील वादही मुख्यतः याच वापराभोवती फिरतात.

उगम : या कल्पनेचे जनकत्व एका व्यक्तीकडे देता येत नाही. क्लारमन, फ्रान्सिस व रोझेन्थल यांनी १९६८ मध्ये मूत्रपिंडविकारावरील उपचारांची तुलना करताना प्रत्यारोपणानंतरचे एक वर्ष डायलिसिसवरील सव्वा वर्षाच्या बरोबरीचे धरले. काही लेखक येथूनच क्वालीचा आरंभ मानतात. मात्र हा सव्वाचा गुणक कोणाला विचारून काढलेला नव्हता. तो लेखकांचा अंदाज होता. फॅन्शेल व बुश यांनी १९७० मध्ये मांडलेल्या आरोग्यस्थिती निर्देशांकात पूर्ण आरोग्यापासून मृत्यूपर्यंतची सलग श्रेणी आणि तिचा काळाशी गुणाकार ही दोन्ही अंगे आढळतात. त्यामुळे आरंभ तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याच सुमारास कॅनडातील जॉर्ज टॉरन्स हे डॉक्टरेटच्या संशोधनातून जवळपास त्याच सूत्राशी पोहोचले होते, तर ब्रिटनमध्ये कल्यर, लॅव्हर्स व विल्यम्स आरोग्याच्या सामाजिक निर्देशांकाचा विचार करत होते. या गटांना परस्परांच्या कामाची कितपत कल्पना होती, याबद्दल एकवाक्यता नाही. आजचे नाव रूढ झाले ते बहुधा १९७६-७७ च्या सुमारास, झेकहाउसर व शेपर्ड आणि वाइनस्टाइन व स्टॅसन यांच्या लेखनातून.

मूल्यमापन : आरोग्यस्थितीला अपूर्णांक देण्याच्या दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. ‘प्रमाणित जुगार’ पद्धतीत व्यक्तीपुढे दोन पर्याय ठेवतात : आहे त्या स्थितीत राहणे, किंवा पूर्ण बरे होण्याची काही शक्यता आणि तत्काळ मृत्यूची उरलेली शक्यता असलेला उपचार पत्करणे. बरे होण्याच्या ज्या शक्यतेला दोन्ही पर्याय सारखेच वाटतात, ते त्या स्थितीचे मूल्य. टॉरन्स यांच्या ‘काल-विनिमय’ पद्धतीत विचारतात, की या स्थितीतील १० वर्षांच्या बदल्यात पूर्ण आरोग्याची किती वर्षे घ्याल? उत्तर ७ आले, तर मूल्य ०·७. पहिल्या पद्धतीत उत्तर देणाऱ्याची जोखमीबद्दलची भीती मिसळते, तर दुसऱ्या पद्धतीत दूरच्या काळाबद्दलची अनास्था. त्यामुळे एकाच आजाराला दोन्हींत वेगवेगळे आकडे मिळतात.

व्यवहारात प्रत्येक रुग्णाला असे प्रश्न विचारत नाहीत. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या युरोक्वॉल या संशोधक गटाची ‘ईक्यू-५डी’ प्रश्नावली भरून घेतात. हालचाल, स्वतःची निगा, नेहमीची कामे, वेदना वा अस्वस्थता आणि चिंता वा नैराश्य अशी तिची पाच अंगे आहेत. प्रत्येक अंगाच्या तीन पातळ्या धरल्या तर २४३ आणि पाच धरल्या तर ३,१२५ आरोग्यस्थिती होतात. त्या स्थितींची मूल्ये रुग्णांकडून नव्हे, तर सर्वसाधारण लोकसंख्येच्या नमुन्याकडून घेण्याची प्रथा आहे. ब्रिटनचा जुना मूल्यसंच १९९३ च्या पाहणीवर आधारलेला असून त्यात सर्वांत वाईट स्थितीला –०·५९४ हे मूल्य आहे, म्हणजे ती मृत्यूहून वाईट ठरते. मुळात अशा स्थितींची कच्ची मूल्ये –३९ पर्यंत जाऊ शकत होती. ती –१ च्या आत बसावीत म्हणून गणिती रूपांतर करण्यात आले. या रूपांतराला सोयीपलीकडे फारसा सैद्धांतिक आधार नाही, असा आक्षेप आहे आणि तो सहज फेटाळता येत नाही.

धोरणातील वापर : ॲलन विल्यम्स यांनी १९८५ मध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचा अभ्यास करताना उपचारांचा तक्ता दिला. त्यात पेसमेकरसाठी एका क्वालीला सुमारे ७०० पौंड, तर रुग्णालयातील डायलिसिससाठी सुमारे १४,००० पौंड पडत होते. सरकारी आरोग्य सेवेत कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या, इंग्लंडमध्ये १९९९ साली स्थापन झालेल्या ‘नाइस’ या संस्थेने एका क्वालीसाठी दीर्घकाळ २०,००० ते ३०,००० पौंड ही मर्यादा पाळली. हा आकडा संशोधनापेक्षा रूढीतून आलेला दिसतो. क्लॅक्स्टन व सहकाऱ्यांनी तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या प्रत्यक्ष खर्चावरून काढलेली एका क्वालीची किंमत १२,९३६ पौंड होती. ती ग्राह्य मानल्यास तोच पैसा अन्यत्र अधिक क्वाली देऊ शकतो, म्हणून महाग औषध मंजूर होताना इतर अनाम रुग्णांचे आरोग्य अधिक प्रमाणात खर्ची पडते.

अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९९० मध्ये मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेसाठी खर्च आणि लाभ यांच्या गुणोत्तरावर उपचारांची क्रमवारी लावली. तीत दाताला टोपी बसवणे हे ॲपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या वर आले. यादी मागे घ्यावी लागली. सुधारित योजनाही १९९२ मध्ये अपंगांविरुद्ध भेदभाव होतो या कारणाने केंद्र सरकारने नाकारली व बदलांनंतरच मंजूर केली. पुढे २०१० च्या आरोग्य कायद्याने एका संघीय संशोधन संस्थेला क्वालीच्या किमतीची मर्यादा वापरण्यास मनाई केली.

न्यायाचा प्रश्न : क्वाली कोणाच्याही वाट्याला येवो, तिचे मोल सारखेच, हे मूळ गृहीतक. पुरस्कर्ते याला समता म्हणतात. पण येथे समान वजन वर्षांना मिळते, माणसांना नव्हे. दोन समवयस्क रुग्णांचे आयुष्य एकाच शस्त्रक्रियेने २० वर्षे वाढणार असेल आणि त्यांपैकी एक आधीपासून ०·७ मूल्याच्या अपंगत्वासह जगत असेल, तर त्याचा लाभ १४ क्वाली आणि दुसऱ्याचा २०. तत्त्वज्ञ जॉन हॅरिस यांनी १९८७ मध्ये याला दुहेरी अन्याय म्हटले : आधी अपंगत्वाचा, मग त्यामुळेच उपचारात मागे पडण्याचा. विल्यम्स यांनी १९९७ मध्ये ‘रास्त डाव’ ही कल्पना पुढे नेली. ज्यांना आयुष्याचा पुरेसा डाव मिळालेला नाही त्यांच्या क्वालींना अधिक वजन द्यावे, असे त्यांचे म्हणणे. यात वृद्धांवर अन्याय होतो ही टीका लगेच झाली. मात्र गरिबांचे आयुष्यच कमी भरते, हे हिशेबात घेणारी ती ठोस मांडणी होती.

नंतरचे उपाय बहुतेक आजाराच्या तीव्रतेवर बेतलेले आहेत. नेदरलँड्समध्ये तीव्रतेनुसार २०,०००, ५०,००० व ८०,००० युरो अशा मर्यादा आहेत. नाइसने २०२२ पासून गंभीर आजारांतील क्वालींना १·२ किंवा १·७ ने गुणण्यास सुरुवात केली. तीव्रता व दारिद्र्य या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. लाभ कोणत्या आर्थिक गटाला मिळाला आणि त्यासाठी कोणाचा निधी वळवला गेला, हे उघडपणे दाखवणारे ‘वितरणात्मक खर्च-परिणामकारकता विश्लेषण’ यॉर्क विद्यापीठातील अभ्यासकांनी विकसित केले. विषमतेबद्दलची समाजाची नावड किती धरावी, हे त्यातही कोणालातरी ठरवावेच लागते. पण ते सूत्रात दडून न राहता समोर येते.

आजार, विकलांगता व अकाली मृत्यू यांमुळे गमावलेली वर्षे मोजणारे, क्वालीचे भावंड म्हणता येईल असे ‘विकलांगता-समायोजित जीवनवर्ष’ जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने प्रसिद्धीस आणले. त्यात तरुण वयातील वर्षांना अधिक वजन होते. सुधीर आनंद व कारा हॅन्सन यांनी १९९७ मध्ये त्यावर न्यायाच्या दृष्टीने टीका केली. २०१० सालच्या आकड्यांवर आधारित जागतिक रोगभार अभ्यासापासून हे वजन काढून टाकण्यात आले.

भारत : केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाची, म्हणजे उपचार व उपकरणे खर्चाच्या मानाने कितपत उपयुक्त आहेत हे तपासण्याची, व्यवस्था उभारली. मुंबईची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था तिच्या सहभागी संस्थांपैकी असून प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी गर्भाशयात ठेवायच्या फुग्यांची खर्च-परिणामकारकता तेथे अभ्यासली गेली. भारतीयांच्या उत्तरांवर आधारित ईक्यू-५डी मूल्यसंच चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर इतर देशांचे मूल्यसंच वापरावे लागत. वितरणाच्या दृष्टीने झालेल्या अभ्यासांत व्हर्गे, लक्ष्मीनारायण व जेमिसन यांचा भारतातील क्षयरोग उपचारांच्या सार्वजनिक अर्थसाहाय्यावरील २०१५ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. आरोग्याचा व आर्थिक संरक्षणाचा लाभ मुख्यतः गरीब गटांत एकवटतो, असे त्यात आढळले. त्यांनी क्वाली मात्र वापरली नाही. टळलेले मृत्यू आणि कुटुंबाच्या खिशातून होणारा वाचलेला खर्च त्यांनी वेगवेगळे मांडले.