गळती एका घरासमोर, स्फोट दुसऱ्याच घरात

गॅसचा स्फोट म्हटलं की आपल्याला स्वयंपाकघर आठवतं: उघडी राहिलेली शेगडी, कडक होऊन चिरलेली रबरी नळी, काडी ओढणारा हात. ही भीती खोटी नाही, पण अर्धीच आहे. पाइपचा गॅस असलेल्या गल्लीत ज्या घरात गॅसचं कनेक्शनच नाही, तेसुद्धा उडू शकतं. वडोदऱ्यात राहणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं, कारण घरोघर नळानं नैसर्गिक वायू पोचवण्याचा उद्योग आपल्या महानगरपालिकेनं १९७२ मध्येच सुरू केला. अंकलेश्वरचं तेलक्षेत्र १९६० मध्ये सापडलं, आजूबाजूला आणखी विहिरी लागल्या, आणि तेलासोबत येणारा वायू शहराच्या चुलीपर्यंत आला. आज दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या आपल्या जुन्या वस्त्यांत रस्ता खोदला की पाण्याची लाइन, गटार, विजेच्या आणि फोनच्या केबली, आणि त्यांच्याच सोबतीला गॅस, असं सगळं हातभर अंतरात दिसतं.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेत पेटतो, पण कुठल्याही प्रमाणात नाही. मिश्रणात मिथेन पाच टक्क्यांहून कमी असेल तर ज्योत पुढे सरकत नाही. पंधरा टक्क्यांहून जास्त झाला तर प्राणवायू अपुरा पडतो. धोका मधल्या पट्ट्यात, आणि साधारण साडेनऊ टक्क्यांना सर्वांत मोठा. म्हणून पाइपच्या आत, जिथे शंभर टक्के गॅस असतो, तिथे स्फोट होत नाही. फुटलेल्या पाइपच्या तोंडाशी गॅस पेटून भडाभडा जळत असेल तर ते दृश्य भयंकर वाटतं खरं, पण वायू साचण्याऐवजी तिथल्या तिथे जळून जात असतो. मागचा व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत अग्निशमन दलाची माणसं ती ज्योत विझवत नाहीत, आजूबाजूच्या भिंतींवर पाणी मारत राहतात. लोक ओरडतात, ‘अरे, विझवा की!’ विझवली आणि गॅस चालूच राहिला, तर तो शेजारच्या खोलीत जाऊन साचेल.

आता स्वयंपाकघराचा हिशेब करू. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण तेवीस घनमीटर हवा. तिचे पाच टक्के म्हणजे सव्वा घनमीटरच्या आत गॅस. शेगडीचा एक मोठा बर्नर न पेटवता चालू राहिला तर तासाला पाव घनमीटरच्या आसपास गॅस सोडतो. म्हणजे सगळं बंद असलं तरी पाच टक्के व्हायला साडेचार-पाच तास लागावेत. हा आकडा दिलासा देणारा आहे, आणि फसवाही. मिथेनचं वजन हवेच्या निम्म्याहून थोडंच जास्त, त्यामुळे तो सगळ्या खोलीत सारखा मिसळत नाही. आधी छताखाली थर धरतो. वरच्या दोन फुटांत धोक्याची पातळी तासाभरातही येऊ शकते. आणि नळीच निसटली असेल तर गोष्ट तासांची न राहता मिनिटांची होते.

बाटल्याच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसचं याच्या उलट आहे. त्यातला प्रोपेन हवेच्या दीडपट जड आणि ब्युटेन दुप्पट, म्हणून तो लादीवरून पसरतो, ओट्याखाली, पलंगाखाली भरतो. बाटला वापरून पाइपवर आलेल्या घरांत सवयी मात्र बाटल्याच्याच राहतात. खालची जाळी उघडी ठेवली की झालं, असं वाटतं. पाइपच्या गॅसला वाट हवी ती वर. जुन्या वाड्यांत दारावर, छताजवळ झरोका असायचा. आपण एसीसाठी तो बुजवला, मॉड्युलर किचनच्या कपाटांमागे उरलेला कोपराही बंद केला. सुधारणा म्हणायची तर म्हणा.

पेटायला किती ठिणगी लागते? साधारण ०.३ मिलिज्यूल. कोरड्या हवेत सिंथेटिक कपडे घालून चालल्यावर दाराच्या कडीला हात लावताना जी चिमुकली ठिणगी उडते, तिच्यात याच्या कितीतरी पट ऊर्जा असू शकते. घरात कुणी नसलं तरी फ्रिजचा थर्मोस्टॅट आपोआप चालू-बंद होतच असतो, आणि प्रत्येक वेळी आत बारीक ठिणगी पडू शकते.

भिंत का पडते, याचं उत्तरही आकड्यांतच आहे. योग्य प्रमाणातलं मिश्रण पूर्ण बंद भांड्यात पेटवलं तर दाब वातावरणाच्या सात-आठ पट होतो. साधी विटांची भिंत मात्र वातावरणाच्या दहाव्या भागाइतक्या दाबालाही बाहेर ढकलली जाऊ शकते. म्हणजे घट्ट बंद खोलीचा अगदी थोडा भाग जरी अशा मिश्रणानं भरला असला तरी पुरतो. आधी काच फुटते आणि तिथून दाब निघून जातो. उघडी खिडकी म्हणून दुहेरी कामाची: गॅसलाही वाट, दाबालाही. लंडनमधल्या रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावरच्या बाईनं चहासाठी काडी पेटवली. शेगडीच्या जोडणीतून गॅस गळत होता. स्फोट इतका मध्यम होता की ती स्वतः वाचली. पण कोपऱ्यातली भार पेलणारी काँक्रीटची भिंत बाहेर सरकली आणि इमारतीचा तो अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चार माणसं गेली. त्यानंतर ब्रिटनमध्ये इमारत-बांधणीचे नियम बदलले.

पण माझ्या मते वस्तीचा खरा धोका जमिनीखाली आहे. रस्त्याखालच्या पाइपला बारीक चीर पडली की हलका गॅस सरळ वर यायला बघतो. वर डांबर किंवा काँक्रीट असेल तर वाट बंद. पावसाळ्यात मातीतली छिद्रं पाण्यानं भरली की मातीही बंद. मग तो आडवा जातो, आणि सर्वांत सोपी आडवी वाट म्हणजे वाळू भरलेला जुना चर, केबलचा डक्ट किंवा गटाराची लाइन. गटारातून तो घरात येऊ शकतो तो नहाणीच्या जाळीतून. तिथल्या ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी साठवणाऱ्या वळणात, पाणी असतं तोवर अडतो. सहा महिने बंद असलेल्या घरात ते पाणी आटलेलं असतं. अशा घराला गॅसचा मीटर असायची काहीच गरज नाही.

वास येईलच, असंही नाही. मिथेनला स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी शाळेच्या इमारतीखाली साचलेला गॅस पेटला आणि तीनशेच्या आसपास मुलं-शिक्षक मेले. कुणाला वास आलाच नव्हता. तेव्हापासून गंधकाची उग्र वासाची संयुगं मिसळण्याचे नियम झाले. हवेत एक टक्का गॅस झाला, म्हणजे धोक्याच्या पाचव्या हिश्श्यावर असतानाच, नाकाला कळावं असा त्यांचा हेतू. पण गॅस चिकणमातीतून लांब झिरपत आला तर माती हीच संयुगं शोषून घेते. शिवाय उग्र वासात काही वेळ राहिलं की नाक बधिर होतं. म्हणून ‘मघाशी येत होता, आता येत नाही’ याचा अर्थ गॅस गेला असा घेऊ नये. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारावं.

शहरांबाहेरच्या मोठ्या वाहिन्यांत तर बहुधा वास मिसळलेलाच नसतो. आंध्रातल्या तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम गावाला २७ जून २०१४ ला पहाटे अशीच एक वाहिनी फुटली. कोरड्या वायूसाठीच्या पाइपातून ओलसर वायू गेल्यानं आतून गंज चढला होता. गळलेला वायू गावावर पसरून पेटला, वीसहून अधिक लोक मेले.

आणि कधी गळती नसतानाही घरं पेटतात. १३ सप्टेंबर २०१८ ला मॅसॅच्युसेट्सच्या मेरिमॅक खोऱ्यात जुना बिडाचा पाइप बदलण्याचं काम चालू होतं. पाइप बंद केला, पण दाब मोजणारी नळी त्या बंद पाइपलाच जोडलेली राहिली. यंत्रणेला वाटलं दाब पडतोय, तिनं गॅस वाढवतच नेला. काही मिनिटांत शंभराहून जास्त घरांना आगी आणि स्फोटांची झळ बसली. त्या घरांतल्या शेगड्यांचा दोष काहीच नव्हता.

घरात वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही. चालू असलेलं बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्हीत पडते. दारं-खिडक्या उघडायच्या, मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करायचा, घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि फोन बाहेरून करायचा, बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर. शेजाऱ्यांना सांगताना बेल न दाबता दार ठोठवायचं. वास रस्त्यावर किंवा गटाराच्या झाकणापाशी येत असेल तरी तोच फोन. ‘गटाराचाच असेल’ म्हणून लोक सोडून देतात, तसं करू नये.

खोदकामाचं बोलायचं तर, मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. खोदण्याआधी कळवायचं, म्हणजे तिथे कुणाच्या लाइनी आहेत त्या कंपन्यांना कळतं. मोठे कंत्राटदार वापरतील. पोळीत, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीत, नळजोडणीसाठी खड्डा मारणाऱ्या चार माणसांनी ते वापरावं म्हणून काय करायचं, हा प्रश्न उरतो. त्यांना निदान एवढं माहीत हवं की गॅसची नळी साधारण मीटरभर खोल असते, आणि तिच्यावर सूचना छापलेली पट्टी अंथरलेली असते. ती दिसली की जेसीबी थांबवून फावड्यानं, हातानं खोदायचं. पिवळ्या किंवा नारिंगी प्लॅस्टिकच्या नळीला नुसता ओरखडा आला, गॅस काही सुटला नाही, तरी माती लोटण्याआधी कंपनीला कळवायचं. ओरखडा नळीच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून खोल असेल तर तेवढा तुकडा कापून बदलावा लागतो.