बूच: बाटलीच्या तोंडात आणि गळाच्या हँडलवर

मागच्या रविवारी कन्हानच्या काठावर मासे धरायचा रॉड घेऊन बसलो होतो, हँडलच्या कॉर्कमधून भुगा निघून हाताला लागला, पाहतो तर वाटाण्याएवढा खड्डा. सोबतचा मित्र म्हणे, "अबे हे तर बाटलीचं बूच आहे, तुला गंडवलं." गंडवलं वगैरे काही नाही, ते बूचच असतं.

आता आपल्याकडे बूच म्हटलं की ते उंच झाड आठवते, ज्याची लांब दांड्याची पांढरी फुलं दोऱ्याशिवाय गुंफून पोरी वेण्या करायच्या, आणि बऱ्याच जणांना वाटते बाटलीचं बूच त्याचंच. तसं अगदीच खोटं नाही, त्याची साल हलक्या दर्जाचं बूच म्हणून वापरायचे, नाव तिथूनच पडलं. पण खरं कॉर्क म्हणजे ओक नावाच्या झाडाच्या एका जातीची साल, पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जेरिया तिकडची, आणि जगातलं जवळपास अर्धं तर एकटं पोर्तुगालच काढते.

झाड तोडत नाहीत बरं का, उन्हाळ्यात कुऱ्हाडीनं नुसती साल सोलतात. पहिल्यांदा झाड साधारण २५ वर्षांचं झाल्यावर, मग दर ९ वर्षांनी, आणि सोललेल्या बुंध्यावर वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात, म्हणजे २०२४ ला सोललं तर ४, परत यायचं ते २०३३ मध्येच. पहिल्या दोन वेळची साल खडबडीत, बाटलीला चालत नाही, तिसऱ्या वेळी कुठं कामाची निघते. म्हणजे झाड लावून चाळीसेक वर्षं थांबा! आपल्या काटोलच्या संत्रावाल्याला हे सांगून पहा, हसून लोळेल.

मासे आणि कॉर्कचं नातं जुनंच आहे, रोमन लोक जाळी तरंगत ठेवायला कॉर्कच बांधायचे, चपलांचे तळवेही त्याचेच. बाटलीत ते पक्कं बसलं १७व्या शतकात, इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत जाड काचेच्या बाटल्या व्हायला लागल्या तेव्हा. त्याच काळात, १६६५ मध्ये, रॉबर्ट हूकनं कॉर्कचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्याला खोल्याच खोल्या दिसल्या, त्यांना त्यानं सेल म्हटलं, शाळेत शिकलो ती पेशी हीच. त्या बंद खोल्यांत हवा भरलेली, भिंती मेणचट, म्हणून पाणी आत जात नाही. आणि खरी गंमत म्हणजे कॉर्क दाबलं तरी बाजूनं जवळपास फुगतच नाही, रबर फुगते, म्हणूनच कॉर्क बाटलीच्या अरुंद गळ्यात ठोकता येते.

रॉडच्या हँडलवर ते आलं १९व्या शतकाच्या अखेरीकडे. अर्ध्या इंचाच्या चकत्या मधोमध भोक पाडून एकावर एक चिकटवायच्या, ७ इंचाच्या हँडलला १४ लागतात, मग लेथवर फिरवून पॉलिश पेपरनं घासायचं. वजन काहीच नाही, ओल्या हातातून सटकत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात रीलचं, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चरखीचं, लोखंड चटका देते तेव्हाही कॉर्क धरवते, ते त्या हवेमुळंच.

पण चांगल्या सालीवर पहिला हात बाटलीवाल्यांचा. एकसंध साल तिकडं जाते, स्वस्त रॉडच्या वाट्याला येतात सालीतच बारीक भोकं असलेल्या चकत्या, त्या भोकांत भुगा आणि डिंक भरून गुळगुळीत करतात, दोन पावसाळ्यांत तो गळतो. माझ्या हँडलचं तेच झालं.

बाटलीतून मात्र कॉर्क हळूहळू निघून राह्यलं. १८७२ च्या गोळी सोड्याच्या बाटलीत काचेची गोळीच बूच. १८९२ मध्ये पत्र्याचं दातेरी झाकण निघालं, त्याच्या आत कॉर्कची पातळ चकती असायची, पुढं तीही प्लॅस्टिकची झाली. १९८० च्या दशकात कळलं की वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो तो बहुतेकदा कॉर्कमधल्या टीसीए नावाच्या रसायनामुळं, मग बऱ्याच जणांनी फिरकीचं झाकण धरलं.

दुकानदार म्हणाला फोमचं हँडल बसवून घ्या. नाही बसवलं. त्याच मित्राकडून वाइनच्या बाटलीचं एक बूच आणलं, पॉलिश पेपरवर घासून भुगा केला, वॉटरप्रूफ गोंदात कालवून खड्ड्यात दाबला, रात्रभर वाळवून परत घासला. रंग थोडा डार्क आला आहे.