डुकरांचे गोल जंत आणि काळजावरील पांढरे डाग

आमच्याकडून जंताचे औषध नेणारे वराहपालक वारंवार विचारतात, की डोस वेळेवर देऊनही डुक्कर कापल्यावर काळजावर (यकृतावर) पांढरे डाग का निघतात. सोरपोतेल या डुकराच्या मांसाच्या गोमंतकीय पदार्थासाठी काळीज लागतेच, त्यामुळे गोव्यात हा दोष लगेच नजरेस येतो आणि असे काळीज बाजूला काढावे लागते. हे डाग म्हणजे जंत नव्हेत. जंताच्या अळ्या ज्या वाटेने गेल्या, त्या वाटेवर डुकराच्या शरीराने केलेल्या प्रतिकाराच्या त्या खुणा आहेत.

हा जंत म्हणजे अॅस्केरिस सुअम. त्याची अंडी चाऱ्याबरोबर किंवा मातीबरोबर पोटात गेली की अळ्या बाहेर पडतात, मोठ्या आतड्याची भिंत भेदतात आणि रक्तावाटे काळजात पोहोचतात. तेथे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी त्यांच्याभोवती जमतात, दाह होतो आणि भरून येताना तंतुमय डाग उरतो. साधारण 6 ते 8 दिवसांत अळ्या फुप्फुसात येतात, तेव्हा पिल्ले खोकतात. मग घशातून गिळल्या जाऊन त्या लहान आतड्यात परततात.

खरा निकाल येथे लागतो. शरीरातील इंटरल्युकिन 4 आणि 13 या संदेशवाहक प्रथिनांमुळे आतड्यात श्लेष्मा वाढतो व आतड्याची हालचाल जोर धरते, आणि संसर्गानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेक अळ्या बाहेर फेकल्या जातात. म्हणूनच एकाच खोलीतील बहुतेक डुकरांत मोठे जंत नसतात आणि थोड्या डुकरांतच ते पुष्कळ सापडतात. हा फरक काही अंशी वंशपरंपरेनेही येतो, पण आगोंद गोवनसारख्या देशी डुकरांना जंत होतच नाहीत, असे मात्र समजू नये.

पुन्हा पुन्हा अंडी पोटात गेलेल्या डुकराचे आतडे अळ्यांना भिंतीतच अडवू लागते, म्हणून काळजावरील डाग कमी होतात. डाग नाहीत म्हणजे खोली स्वच्छ आहे, हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो. उलट, ताजे डाग काही आठवड्यांत विरून जात असल्याने, ते दिसले तर अंडी अलीकडेच पोटात गेली, हे नक्की. या प्रतिकाराची किंमतही डुक्कर मोजते: खाल्लेले अन्न वाढीऐवजी दाहावर खर्च होते, आणि जंत असताना काही लशींचा परिणाम कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

औषध प्रामुख्याने आतड्यातील जंत मारते, जमिनीतील अंड्यांना ते काहीच करत नाही. अंड्याचे कवच जाड असते, नेहमीची जंतुनाशके त्याला पुरत नाहीत, आणि ओलसर, सावलीच्या मातीत ते कित्येक वर्षे टिकू शकते. आपल्या पावसाळ्यातील उबदार ओल त्याला फारच मानवते. विष्ठेतून पडलेले अंडे संसर्गक्षम व्हायला काही आठवडे लागतात, तेवढ्या अवधीत विष्ठा वारंवार उचलणे हाच स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. सिमेंटची जमीन खरवडून धुवावी, शक्य असल्यास उकळते पाणी किंवा वाफ वापरावी आणि नंतर ती कडक वाळू द्यावी.

विण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी मादीला डोस द्यावा आणि विण्याच्या खोलीत नेण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने तिचे सड व पोट धुवावे, कारण चिकट अंडी तेथूनच पिल्लांच्या तोंडात जातात. चिकातून पिल्लांना आईची प्रतिपिंडे मिळतात, पण तेवढ्याने संसर्ग टळत नाही.

औषध निवडण्यापूर्वी पशुवैद्यकांकडून विष्ठा तपासून घ्यावी. लहान आतड्यात पोहोचलेले जंत अंडी घालू लागेपर्यंत संसर्गापासून 6 ते 8 आठवडे जातात, म्हणून कोवळ्या पिल्लांच्या विष्ठेत अंडी न सापडण्याला फारसा अर्थ नसतो. नाताळासाठी वाढवलेल्या डुकरांना शेवटचा डोस देताना वेष्टनावर छापलेला मांसविक्रीपूर्वीचा थांबण्याचा काळ कापणीच्या तारखेपासून मागे मोजून पाहावा. तो प्रत्येक औषधाचा वेगळा असतो.