कोल्हापुरात गुन्ह्यातल्या पीडितांसोबत काम करायचंय? अर्ज कुठं द्यायचा, कागद कुठले लागतात

"मी वकील नाही, मग मला घेतील का?" हे विचारणारे बरेच जण भेटतात, एमएसडब्ल्यू करणाऱ्या पोरी, रिटायर झालेले शिक्षक, अंगणवाडी ताई. घेतात की. उलट पहिला जो रस्ता सांगणार आहे तो वकिलांसाठी नाहीच, लॉच्या विद्यार्थ्यालाही वकिलीची सनद मिळेपर्यंतच त्यात राहता येतं.

हा पहिला रस्ता म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटियर, विधी स्वयंसेवक, हल्ली अधिकार मित्र म्हणतात. हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं, म्हणजे लोकांना फुकट कायद्याची मदत देणाऱ्या सरकारी ऑफिसचं. ऑफिस कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात आहे, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात जाऊ नका, तिथं 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय आणि गेटवर विचारण्यातच अर्धा दिवस जाईल. तालुक्यात राहत असाल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत चौकशी केली तरी चालतं.

पात्रता फार मोठी नाही. लिहिता वाचता यायला पाहिजे, शक्यतो दहावी पास, माणसाचं म्हणणं नीट समजून घ्यायची तयारी पाहिजे. शिक्षक, निवृत्त सरकारी कर्मचारी, बचत गटातल्या महिला, समाजकार्याचे विद्यार्थी, डॉक्टर, सगळे बसतात. राजकीय पक्षाचं काम करणारा चालत नाही, गुन्हा नावावर असलेला चालत नाही. अर्ज भरती निघाली की करायचा, सचिवांच्या नावे, सोबत शिक्षणाचे दाखले, आधार, राहण्याचा पुरावा, फोटो, आणि कुठं सामाजिक काम केलं असेल तर त्या संस्थेचं पत्र. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आधीच काढून ठेवा, ऑनलाइन अर्ज होतो पण पडताळणीला आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं आणि त्यात वेळ जातो. मग मुलाखत, निवड झाली की ट्रेनिंग, आणि ओळखपत्र. पगार नसतो, मानधन असतं, तेपण ज्या दिवशी ड्युटी लावली त्या दिवसाचं. त्यामुळं घर यावर चालवायचं ठरवून येऊ नका. आणि पीडिताकडून एक रुपया, चहासुद्धा नको.

काम काय तर पोलीस ठाण्यात आलेल्या माणसाला तक्रार नीट सांगायला मदत करणं, एफआयआरची कॉपी फुकट मिळते हे सांगणं आणि ती हातात पडेपर्यंत तिथून न हलणं, फुकट वकील आणि नुकसानभरपाईचा अर्ज भरून देणं. एक गोष्ट लोकांना अजून माहितीच नाही, विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणं बाईला आणि लहान मुलाला फुकट वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, नवरा कितीबी कमवत असू दे. बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) अशा केसमध्ये मनोधैर्य या सरकारी मदतीच्या योजनेचा अर्जही याच प्राधिकरणाकडं जातो. नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, अजून एक चांगलं आहे, तपास कुठवर आलाय हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत पीडिताला कळवायचं असतं. कळवलं नाही तर विचारायला आपण आहोतच.

दुसरा रस्ता अवघड आहे आणि माझ्या मते माणसांची खरी कमतरता इथं आहे. पोक्सोच्या केसमध्ये मुलासोबत तपासापासून निकालापर्यंत राहणारा सपोर्ट पर्सन. नेमणूक बाल कल्याण समिती करते, नावांचं रजिस्टर जिल्हा बाल संरक्षण कक्षात असतं, म्हणून अर्ज त्या कक्षात द्यायचा. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या गाईडलाईनप्रमाणं समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकास यात पदव्युत्तर पदवी पाहिजे, नाहीतर साधी पदवी आणि मुलांच्या शिक्षणात किंवा संरक्षणात 3 वर्षांचा अनुभव. म्हणून इथं अनुभवाचं पत्र जपून ठेवा, त्यावर तारखा आणि कामाचं स्वरूप स्पष्ट लिहून घ्या, "संस्थेत काम केले आहे" एवढंच लिहिलेलं पत्र कामाचं नाही. बाकी कागद वरचेच. मोबदला 2020 च्या पोक्सो नियमाप्रमाणं कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावा असं आहे, बिलं कशी, कधी द्यायची हे कक्षात पहिल्याच दिवशी विचारून घ्या, प्रवासाची तिकिटं सांभाळा.

आता काम जवळनं बघा. समजा राधानगरीकडची दहा वर्षांची पोरगी आहे, साक्षीची तारीख पडलीय, आई पहिल्यांदाच कोर्ट बघणार. आपण आदल्या दिवशी तिला सांगायचं की जज कुठं बसतात, तू कुठं बसणार, आरोपी तुला दिसू नये म्हणून पडदा लावतात, समोरचा वकील तुला थेट विचारणार नाही, प्रश्न जजसाहेब विचारतील, दमलीस किंवा रडू आलं तर थांबायचं मागता येतं. एवढंच. काय बोलायचं हे एका शब्दानं सांगायचं नाही! "ताईनं सांगितलं म्हणून बोलले" असं पोरगी निरागसपणे बोलून गेली तर बचाव पक्षाचा वकील तेवढ्यावर सगळी केस उभी करतो की तिला पढवलंय. कोर्टात ती आपल्याकडं बघत राहणार, आपण मान हलवायची नाही, डोळ्यानं खुणवायचं नाही, नुसतं शांत बसायचं, आणि हे ऐकायला सोपं वाटतं पण फार जड जातं.

गावात, पै पाहुण्यांत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केसबद्दल अवाक्षर काढायचं नाही. नाव तर सोडाच, शाळा किंवा वाडीचं नाव सांगितलं तरी आमच्याकडं दोन मिनिटांत घर कळतं. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, 2 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

18 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टानं सपोर्ट पर्सन देणं ऐच्छिक नाही, गरजेचं आहे असं सांगितलंय, म्हणून समितीकडून अजून नेमणूक झाली नसेल तर कुटुंबाला लेखी अर्ज द्यायला लावा आणि पोच घ्या. नेमणूक झाली की पोलिसांनी 24 तासांत विशेष न्यायालयाला लेखी कळवायचं असतं, त्याची कॉपी आपल्या फाईलला लावा, नाहीतर सुनावणीच्या दिवशी दारातच "तुम्ही कोण?" होतं. गडहिंग्लज, इचलकरंजीकडची केस तिकडच्या कोर्टात चालू शकते, म्हणून अर्जात कुठल्या तालुक्यात जाऊ शकता हे आधीच लिहा. आणि मूल किंवा आईवडील नको म्हणाले तर समिती आपली नेमणूक रद्द करू शकते, त्यावर वाद घालायचा नाही, फाईल समितीला परत द्यायची आणि पुढच्या तारखा लिहून द्यायच्या.