ब्राउझर काढून पुन्हा टाकण्याआधी हे वाचा

‘कुठलीही साइट उघडली की मध्येच भलत्या जाहिराती येतात. क्रोम काढून पुन्हा टाकलं, तरी तेच!’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की शेवटी हे पत्रक छापलं.

दोष बहुतेकदा ब्राउझरचा नसतो, त्यात बसवलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा असतो. क्रोम काढताना ‘ब्राउझिंग डेटाही हटवा’ या चौकटीत खूण केली नाही, तर तुमचं प्रोफाइल एक्स्टेन्शनसकट डिस्कवर तसंच राहतं. खूण केलीत आणि सिंक (ब्राउझरमधलं सगळं गूगल खात्यातही साठवणं) चालू असलं, तर लॉगिन करताच ते खात्यातून परत उतरतं. सिंक बंद असलं तर ते जातं खरं, पण साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्कही बरोबर घेऊन जातं. मग अर्ध्या तासाचं काम दिवसभर चालतं, आणि त्यातला बराचसा वेळ ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक करण्यात जातो.

म्हणून ब्राउझरला हात लावू नका. तीच साइट इनकॉग्निटो (खाजगी) विंडोत उघडून पाहा. तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल, तर तिथे एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. तिथे जाहिराती गायब झाल्या, तर एक्स्टेन्शन्सच्या यादीत जाऊन सगळी बंद करा आणि एकेक चालू करत जा. चोर सापडला की सिंक चालू ठेवूनच तो काढा, म्हणजे तुमच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही जाईल. काढायचं बटणच चालत नसेल आणि घरच्या मशीनवर ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असं दिसत असेल, तर थांबा. ते दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमने बसवलेलं असू शकतं. तसं मशीन आमच्याकडे आणा.

(कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ अशा पाट्या येत असतील, तर ती बहुधा एखाद्या साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. सेटिंग्जमधून काढून टाका, आमच्यापर्यंत यायची गरज नाही.)

‘पण हे तर क्रोमच्या अधिकृत स्टोअरमधलंच आहे!’ असेल. टॅब झोपवणारं ‘द ग्रेट सस्पेंडर’ही स्टोअरमधलंच होतं आणि लोकांचं आवडतं होतं. 2020 मध्ये त्याचा मालक बदलला, फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते मालवेअर ठरवून बंद केलं. एक्स्टेन्शन्स आपोआप अपडेट होतात; तुम्ही घेतलं तेव्हा चांगलं होतं, एवढंच खरं.

आम्ही उगाच सगळं साफ करतो, अशी तक्रार असते. तसं नाही. पासवर्ड मॅनेजर आणि अ‍ॅडब्लॉकर यांना सगळ्या साइट वाचायची परवानगी लागतेच. पण रंग ओळखणाऱ्या एखाद्या किरकोळ टूलला तुमच्या बँकेचं पान का वाचायचं असतं? तिथे आम्ही काढा म्हणतो, पण विचारल्याशिवाय काढत नाही. म्हणूनच तुम्हाला शेजारी बसवून घेतो.

ऑफिसमध्ये चार-पाच मशीन असतील, तर वार्षिक देखभालीत आम्ही परवानगी असलेल्या एक्स्टेन्शन्सची यादीच लावून देतो. बाकीची बसतच नाहीत.

येताना चार्जर विसरलात तरी चालेल. ओटीपी येणारा फोन मात्र विसरू नका, आणि पासवर्ड आम्हाला सांगू नका, तुम्हीच टाका.